गाडीचा एसी : लहर लागली की गार

काल खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर शेजारच्या गाडीत एक आजी पदराने वारा घेत होत्या आणि पुढे नातू डॅशबोर्डवर थापा मारत होता. आमचा २०१७ चा मे आठवला. पुण्याहून कोल्हापूर, मागे आई-बाबा, मध्ये आंब्याची पेटी. गाडी पळाली की बर्फ, टोलला थांबली की भट्टी. दोन ठिकाणी गॅस भरून झालेला, दोन्हीकडे "लीक होतं साहेब, आता बघायला नको". कराडजवळ एका वायरिंगवाल्याने बोनेट उघडलं, एसी लावायला सांगितला आणि नुसता बघत उभा राहिला. कंडेन्सरचा, म्हणजे गॅस निववणाऱ्या पुढच्या जाळीचा, पंखा फिरतच नव्हता. पळताना समोरून वारा लागायचा म्हणून भागत होतं. त्याला वीज जोडणारा छोटा स्विच, रिले, गेलेला. नवीन नव्हता, तर पठ्ठ्याने हॉर्नचा काढून तिथे बसवला. कोल्हापूरपर्यंत एसी होता, हॉर्न नव्हता. बाबा काच खाली करून "ओ, सरका!" ओरडत होते.

तुमचेही येऊ द्यात.

मधली_आळी
काच खाली केल्यावर एसीचा उपयोग काय 😂

संत्रानगरी
आमचं उलटंच. नागपूर-अमरावती, तासभर मस्त, मग हवाच येईना. ब्लोअर चारवर, आवाज भरपूर, वारा फुंकर मारल्याएवढा. चहाला थांबलो की पुन्हा गार, आणि गाडीखाली हे एवढं थारोळं. कूलिंग कॉइलवर बर्फ साठत होता न बाप्पा. गारठा बघून कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, बंद करणारा सेन्सर मेलेला. बदलेपर्यंत अधूनमधून एसी बंद, ब्लोअर चालू, असा महिना काढला.

ओली_मॅट
खाली ठिबकतं ते चांगलंच. आमचं ठिबकायचं थांबलं आणि पायाखाली तळं. नळी चोंदलेली. ओल्या कुत्र्याचा वास. कुत्रा नाहीये आमच्याकडे.

पोळपाट
आधी केबिन फिल्टर बघा, बऱ्याच गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. आमच्यात शेंगांची टरफलं निघाली. उंदीर!! तव्यावर पोळी आहे, नंतर लिहिते

मधली_आळी
उंदरांना तंबाखू ठेवा म्हणतात

पोळपाट
ठेवली. सासऱ्यांनी संपवली.

हिंजवडी_ते_घर
माझं दुखणं दोन वर्षं कुणाला सापडलं नाही. सकाळी गार, संध्याकाळी तासभर ट्रॅफिकमध्ये रखडलो की गरम. गॅरेजला नेईपर्यंत गाडी निवायची आणि बाईसाहेब शहाण्यासारख्या वागायच्या. कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणाऱ्या क्लचमधली फट वाढली होती. तापलं की क्लचच्या कॉइलची चुंबकी ओढ कमी पडते, प्लेट चिकटत नाही, तो 'टक' आवाजच येत नाही. एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी आतली पातळ चकती काढून फट कमी केली, झालं. त्याआधी एकाने अख्खा कॉम्प्रेसर बदलायला लावला असता. आकडा लिहीत नाही, बायको वाचते इथे.

हिंजवडीची_बायको
वाचलं.

वाळवंटी
दुबईहून. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे हो, तो संपत नसतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आधी ते शोधायला लावा. आणि जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, तेवढाच मोजून भरायचा. "थोडा जादा मारतो साहेब" म्हणाला की चावी परत घ्या.

घाटमाथा
खंबाटकी चढताना एसी गेला म्हणून मी गाडी बाजूला घेऊन बसलो होतो. छोट्या गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कॉम्प्रेसर आपोआप सुटतो, हे मेव्हण्याने सांगितलं. सगळ्यांसमोर. अजून सांगतो.

नवी_गाडी_जुनी_मी
माझ्या बाजूला गरम आणि ह्यांच्या बाजूला गार येतंय, काय असेल?

वाळवंटी
ताई, गॅस कमी असला तरी असं होतं, नाहीतर आतली हवेची झडप अडकली असेल. आधी प्रेशर मोजून घ्या.

संत्रानगरी
नाहीतर जागा बदला 😀

पोळपाट
आले. ते आंब्यांचं काय झालं पण?

धागाकर्ता
पिकले. किणी टोलपर्यंत.