गणेशोत्सवातली वादस्पर्धा: ‘ईश्वर सिद्ध करता येतो का?’ तयारी कशी करून घ्यावी?

रावपुरा_मंडळ

नमस्कार. बडोद्यात आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात यंदा वादस्पर्धा आहे, विषय वर दिलाय. दोन पक्ष, तीन-तीन वक्ते, सगळं मिळून ५० मिनिटं. मुलं कॉलेजातली. पहिल्या तालमीत एक बाजू ‘बिग बँगच्या आधी काय होतं?’वर आणि दुसरी ‘मग देवाला कोणी केलं?’वर अडकून बसली. दहा मिनिटांत मुद्दे संपले, आवाज तेवढे चढले. आपल्या दर्शनांतलं काही वापरता येईल का? नेमकं काय, कुठल्या क्रमानं आणि कुठे फसतं? प्रवचन नको, तयारीचा माल हवाय.

अवच्छेदक

आधी ‘ईश्वर’ म्हणजे कोण ते लिहून द्या. योगसूत्रातला (१.२४) ईश्वर क्लेश आणि कर्म यांचा स्पर्श नसलेला पुरुषविशेष (एक वेगळा आत्मा) आहे, जग घडवणं त्या व्याख्येतच नाही. न्यायदर्शनाचा ईश्वर परमाणू जुळवणारा कर्ता, म्हणजे कुंभार. वेदान्ताचं ब्रह्म कुंभारही आणि मातीही. मखरातला गणपती आणखी वेगळा. चारही एकाच वाक्यात आले की वक्ता अडचणीत येताच एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. स्पर्धेसाठी न्यायाचा कर्ता घ्या. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी शतकानुशतकं घासाघीस झालीय.

‘नास्तिक’ हा शब्दही जपून वापरायला सांगा. मनुस्मृतीत (२.११) नास्तिक म्हणजे वेदनिंदक. कुमारिल भट्ट मीमांसक, म्हणजे कट्टर वेदवादी, आणि जगाचा कर्ता मात्र त्यांना अमान्य. त्यांना नास्तिक म्हणणार का? विरोधी पक्षाला ‘निरीश्वरवादी’ म्हणा.

आता न्यायाचं अनुमान पाच अवयवांत (पायऱ्यांत), जसंच्या तसं पाठ करून घ्या:
प्रतिज्ञा: जमीन, अंकुर वगैरेंना कर्ता आहे.
हेतू: कारण ती कार्यं (घडून आलेल्या वस्तू) आहेत.
उदाहरण: जे जे कार्य, त्याला कर्ता असतो, जसा घडा.
उपनय: जमीन, अंकुरही तशीच कार्यं आहेत.
निगमन: म्हणून त्यांना कर्ता आहे.

सगळा जोर तिसऱ्या ओळीवर आहे. विरोधकांनी तिथेच बसायचं. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीचा सवाल असा: कुंभार मातीला आकार देऊन घडा करतो, म्हणून मातीचा प्रत्येक आकार कुंभाराचा मानला तर वारूळही कुंभारानंच केलं म्हणावं लागेल. घडा आणि वारूळ शेजारी ठेवून बघा. दोन्ही मातीचे, दोन्ही आतून पोकळ, दोन्हींना रचना आहे. तरी घडा पाहिला की न पाहिलेला कुंभार डोळ्यांसमोर येतो आणि वारूळ पाहून येत नाही. कारण अशा घड्यामागे कुंभार असतो हे आपण वारंवार पाहिलंय. डोंगरामागे कोणी आहे की नाही हे एकदाही पाहिलेलं नाही. ‘रचना’ हा शब्द तेवढा दोन्हीकडे सारखा. नुसत्या शब्दाच्या सारखेपणावर अनुमान करायचं तर धूर पांढुरका असतो म्हणून धुकं बघूनही आग लागली म्हणावं लागेल.

हा एक मुद्दा नीट मांडायला चार मिनिटं लागतात. त्यात आणखी काही कोंबू नका.

रावपुरा_मंडळ

हे मस्तच आहे. पण मग ईश्वरवादी पक्ष पाचव्या मिनिटालाच गारद होईल की! आणि ‘देवाला कोणी केलं?’ चं काय?

कोठी_नाका

गारद होत नाही. मुलांना ही उत्तरं द्या.

‘देवाला कोणी केलं?’ हा सवाल न्यायावर लागूच होत नाही. ‘प्रत्येक वस्तूला कर्ता असतो’ असं नैयायिक (न्यायदर्शन मानणारा) म्हणत नाही, ‘प्रत्येक कार्याला’ म्हणतो. ईश्वर नित्य, म्हणून कार्य नाही, म्हणून हेतू तिथे पोचतच नाही. एका वाक्यात संपतं. विरोधकानं हा सवाल टाकला तर त्याचेच गुण जावेत.

बिग बँगचंही तसंच, फक्त इथे ईश्वरवाद्याला थोडं मिळतं. जग आजच्यापेक्षा कधी वेगळं नव्हतंच, असं मीमांसक म्हणतो, म्हणजे ‘कार्य’ हा हेतूच असिद्ध ठरवतो. नैयायिकाचं जुनं उत्तर: ज्याला अवयव आहेत ते घडलेलं असतं. आजच्या वक्त्याला इथे बिग बँग जोडता येईल. पण त्यानं फार तर आरंभ मिळतो, कर्ता मिळत नाही. ही रेघ त्यानं ओलांडली की विरोधकानं लगेच बोट ठेवायचं.

वारुळाला उत्तर: दोन उदाहरणांत थोडा फरक दिसला म्हणून व्याप्ती (‘जिथे धूर तिथे आग’ असा नियम) मोडायची तर सगळीच अनुमानं गेली. स्वयंपाकघरातला धूर आणि डोंगरावरचा धूर हेही एकसारखे कुठे असतात? शिवाय वारूळ किंवा रानात आपोआप उगवलेलं गवत हे उलटं उदाहरण म्हणून चालत नाही. त्याला कर्ता आहे की नाही हाच तर वाद आहे. वादातलीच वस्तू वादाविरुद्ध साक्षीला आणता येत नाही.

खरा त्रास शरीराच्या आक्षेपाचा आहे. विरोधक उलट अनुमान उभं करतो: जमीन, अंकुर शरीरानं घडवलेले नाहीत, म्हणून त्यांना कर्ता नाही, जसं आकाश. यालाच सत्प्रतिपक्ष म्हणतात, तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखंच वजन. मुक्तावली या न्यायाच्या ग्रंथात याला उत्तर आहे की हा हेतू अप्रयोजक, म्हणजे ‘शरीर नसलं तर कर्ता का नसावा?’ याला आधार देणारा तर्क विरोधकाकडे नाही. उत्तर चलाख आहे, पण माझ्या मते लंगडं. तोच प्रश्न उलटून येतो: ‘कार्य असलं तर कर्ता का असावा?’ दोन्ही बाजूंची तालीम इथे सगळ्यात जास्त घ्या.

दुःखाचा मुद्दा हमखास निघेल. वेदान्ताचं ब्रह्मसूत्र २.१.३४ म्हणतं की ईश्वर पक्षपाती नाही आणि निर्दयही नाही, तो प्राण्यांच्या कर्मानुसार फळ देतो. पुढच्याच सूत्रात आक्षेप येतो की आरंभी कर्म कुठलं? उत्तर: संसार अनादि. हे उत्तर वापरणाऱ्यानं बिग बँगचा आरंभ आधी वापरला असेल तर तो स्वतःच्याच जाळ्यात सापडतो. परीक्षकांना हे आधी सांगून ठेवा.

आणि एक. ईश्वरवादी सगळे नैयायिकाच्या बाजूचे नसतात. रामानुजाचार्य श्रीभाष्यात (ब्रह्मसूत्रांवरच्या त्यांच्या भाष्यात) हेच अनुमान खोडतात आणि ईश्वर शास्त्रावरूनच कळतो म्हणतात. तिसऱ्या वक्त्यासाठी हा हुकमी पत्ता आहे, कुठल्याही पक्षाच्या.

जुनी_पोथी

बडोद्यात बसून हा माल बाहेर कशाला शोधायचा? बौद्ध पंडित शान्तरक्षिताचा तत्त्वसंग्रह, कमलशीलाच्या पंजिकेसह (टीकेसह), इथल्याच गायकवाड ओरिएंटल सिरीज या ग्रंथमालेत १९२६ साली छापला गेला. त्यात ‘ईश्वरपरीक्षा’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. गंगानाथ झा यांचं इंग्रजी भाषांतरही त्याच मालेत आहे. जयराशी भट्टाचा तत्त्वोपप्लवसिंह १९४० साली तिथूनच निघाला, पाटणच्या पोथीवरून.

पण जयराशी मुलांच्या हाती देताना सावध. तो देवालाच नव्हे, अनुमान आणि प्रत्यक्ष यांनाही उडवून लावतो. त्याला पुढे केलं की विज्ञानाचा आधार घेण्याची सोय संपते. विरोधी पक्षाच्या पहिल्या वक्त्यानं जयराशी आणि दुसऱ्यानं प्रयोगशाळा आणली की घर दोन्हीकडून पेटलं.

मापात_पाप

प्रयोगांचा विषय निघालाच आहे तर दोन उदाहरणं नक्की येतील.

एक, २१ सप्टेंबर १९९५चं गणपतीचं दूध. चमच्याची कड सोंडेला टेकली की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थरानं खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही, म्हणून तेव्हा शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं. तालमीत करायचं तर वरवंटा घ्या, प्रतिष्ठापनेच्या मूर्तीवर नको. ५ किलोच्या किचन काट्यावर ताट, ताटात वरवंटा उभा, काटा शून्यावर. दुधात चिमूटभर कुंकू. चमचा काठोकाठ भरून अगदी किंचित कलता करून टेकवा. तेलकट दगडावर पहिले एक-दोन चमचे अडखळतात, दगड ओला झाला की सरसर जातं. १०० मिली दूध गेलं की काटा सुमारे १०३ ग्रॅम दाखवेल. बरेच जण नुसतं ताटातलं दूध मोजतात आणि दगडाला चिकटलेले काही ग्रॅम ‘प्यायलेले’ ठरतात, म्हणून दगडासकट वजन.

दुसरं, २००६चा अमेरिकेतला प्रार्थनेचा प्रयोग. बायपासचे १८०२ रुग्ण, सहा रुग्णालयं, तीन गट. प्रार्थना झाली पण तसं सांगितलं नव्हतं, त्या गटात ५२ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. प्रार्थना झाली नाही त्यात ५१. ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणार’ असं ज्यांना सांगितलं त्यांच्यात ५९. पण घरचे लोक करतात ती प्रार्थना कोणी थांबवू शकत नाही, म्हणजे ‘अजिबात प्रार्थना नाही’ असा गट मिळतच नाही.

दोन्हींतून विशिष्ट दावे तपासले जातात, मूर्ती दूध पिते का, परक्यांच्या प्रार्थनेनं गुंतागुंत कमी होते का. परमाणू जुळवणाऱ्या कर्त्याला यातलं काही शिवत नाही. हे कळत नसेल तर उदाहरणं वापरूच देऊ नका.

अवच्छेदक

वेळ आणि गुणांबद्दल थोडं. दोन्ही पक्षांचे पहिले वक्ते ६-६ मिनिटं, बाकी चौघे ५-५, म्हणजे ३२. दोन्ही बाजूंच्या उलटतपासणीला ६-६, एकूण ४४. उरलेली ६ सूत्रसंचालकाची, ती त्याला लागतातच.

न्यायसूत्रांतली २२ निग्रहस्थानं (वादात हार ठरवणाऱ्या चुका) सगळी नकोत, चार पुरेत. प्रतिज्ञाहानी: आपलंच म्हणणं सोडणं. हेत्वन्तर: अडचणीत हेतूला नवं शेपूट जोडणं. अर्थान्तर: विषय सोडून बोलणं. पुनरुक्त: तेच ते. प्रत्येकाला उणे दोन. आवाज चढवण्याला वेगळा दंड नको, तो बहुधा अर्थान्तरातच येतो.

विरोधी पक्ष ‘आम्हाला काही सिद्ध करायचं नाही, तुम्ही करा’ म्हणेल. न्यायसूत्रांत त्याला वितंडा म्हणतात आणि ती रीतसर कथा (वादचर्चेचा एक प्रकार) आहे, शिवी नव्हे. चालू द्या. मात्र मग त्यांच्या तोंडून ‘ईश्वर नाही’ हे वाक्य एकदाही आलेलं चालणार नाही. आलं की ती प्रतिज्ञा झाली, आणि पुरावा त्यांनी द्यायचा.

रावपुरा_मंडळ

सगळ्यांचे आभार. विषय बदलून ‘जगाला कर्ता आहे हे अनुमानानं सिद्ध होतं’ असा केला. रविवारी वरवंटा आणि काटा घेऊन तालीम.

मापात_पाप

दूध गार घ्या. गरम असलं की साय धरते आणि चमच्यालाच चिकटून राहते.