अनुभव धागा : किल्ली काढल्यानंतरही गाडीत काय शिल्लक राहते?

किल्ली काढली की गाडी निर्धोक झाली, हा समज दुरुस्तीच्या कामात फार महागात पडतो. इंजिन थांबले तरी गाडीचे वजन, पाण्याच्या वाटेतला दाब, स्प्रिंगमधला ताण आणि बॅटरीतली वीज जागच्या जागी असते. ज्यांनी गाडीचे काम स्वतः केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी काय घडले, कशामुळे घडले आणि आता ते काम कसे केले जाते, हे सविस्तर लिहावे. नुसते ‘काळजी घ्यावी’ असे लिहू नये. काळजी नेमकी कशी घेता, ते वाचायचे आहे.

गॅरेजमधील मेकॅनिक

सुरुवात जॅकपासून करतो, कारण नव्या मुलाला मी सर्वांत आधी तेच शिकवतो. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नसते. हायड्रॉलिक जॅक कितीही दणकट दिसला तरी त्याचा सगळा भार आतल्या तेलावर आणि ते तेल अडवणाऱ्या रबरी सीलवर असतो. एका सहकाऱ्याने गाडी उचलून ठेवली आणि तो पाना आणायला वळला, तेवढ्यात सील गेले आणि गाडी हळूहळू नव्हे, एकदम खाली बसली. तेव्हा खाली कोणी नव्हते, ही केवळ त्या क्षणाची कृपा. आमच्याकडे गाडी उचलली की लगेच पक्क्या, सपाट जमिनीवर स्टँड लागतात, तेही कंपनीने नेमून दिलेल्या जागांखालीच, आणि मग बाजूने जोर लावून गाडी हलवून पाहिली जाते. हलायची असेल तर ती आपण बाहेर असतानाच हलावी. काढलेले चाकही आडवे करून गाडीखाली सरकवून ठेवतो, म्हणजे स्टँड दगा देऊन गेला तरी थोडी जागा उरते.

घरच्या गाडीचे काम स्वतः करणारी एक वाचक

वरील अनुभवाला एक जोड देते. पुष्कळ जण हातब्रेक ओढून निश्चिंत होतात, परंतु बहुतेक गाड्यांमध्ये हातब्रेक मागच्या चाकांनाच लागतो. म्हणजे मागची बाजू उचलली की जमिनीवर राहिलेल्या पुढच्या चाकांना हातब्रेकचा काहीच उपयोग होत नाही. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढून उचलली, तर गिअरमध्ये ठेवण्याचाही तसाच निरुपयोग. म्हणून जी चाके जमिनीवर राहणार, त्यांच्या दोन्ही अंगांना मी लाकडी ठोकळे लावते. चाकाचे नटही चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करते, कारण उचललेल्या गाडीवर पान्याला हिसके देणे हाच तिला पाडण्याचा सोपा मार्ग आहे.

लांब पल्ल्याचा चालक

रेडिएटरबद्दल लिहितो. इंजिन तापले की झाकण उघडून पाणी ओतावे, असे मदतीला आलेला जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. मात्र आतले पाणी दाबाखाली असते, त्यामुळे ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही; झाकण फिरले, दाब सुटला, की ते त्याच क्षणी उसळून बाहेर येते. एका मदतनिसाचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला मी पाहिला आहे, आणि हातावर फडके घेतलेले असूनही तो भाजला होता, कारण गरम पाण्याने भिजलेले फडके कातडीला चिकटूनच राहिले. वरचा रबरी पाइप हाताला कोमट लागेपर्यंत मी झाकणाकडे जात नाही. घाई करणाऱ्या प्रवाशांचा रोष पत्करतो.

ऑटो इलेक्ट्रिशियन

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह टर्मिनल, मग पॉझिटिव्ह; बसवताना बरोबर उलट. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असल्याने, पॉझिटिव्हवर लावलेला पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्टसर्किट होते. निगेटिव्ह आधीच सुटलेले असेल, तर पाना टेकूनही काही घडत नाही. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक बॅटरीला गरीब समजतात, परंतु अशा शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर वाहतात आणि बोटातली अंगठी डोळ्यादेखत लाल होते. म्हणून अंगठी, कडे, घड्याळ खिशात. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करताना शेवटचा चिमटा बॅटरीवर न लावता दूर, इंजिनच्या उघड्या धातूला लावतात, त्याचे कारण हेच.

आणखी एक : रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा किल्ली काढल्यावरही काही गाड्यांत आपोआप सुरू होतो. पात्यांजवळ हात घालण्यापूर्वी त्याचा कनेक्टर काढावा.

हातांची शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर

गाड्यांचे मला फारसे कळत नाही, तरी एक प्रकार सांगणे आवश्यक वाटते. आधुनिक डिझेल इंजिनात इंधनाचा दाब हजार बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपटीच्या, पुष्कळ वर जातो. गळती कोठे आहे हे पाहण्यासाठी चालू इंजिनाच्या पाइपावरून बोट फिरवले, तर सूक्ष्म छिद्रातून निघालेली धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, सुरुवातीला दुखणेही बेताचे असते, आणि म्हणूनच रुग्ण मलम लावून घरी झोपतो. आत डिझेल मांसपेशींच्या थरांमधून पसरत असते. काही तासांनी बोट सुजून काळवंडू लागते आणि उशीर झाला तर ते कापावे लागते. अशी जखम कितीही क्षुल्लक दिसली, तरी त्याच घटकेला रुग्णालय गाठावे आणि ‘दाबाखालचे डिझेल आत गेले आहे’ हे शब्द आवर्जून सांगावेत. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

निवृत्त सर्व्हिस सुपरवायझर

बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू देत नसे. इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वासही नसतो आणि रंगही. डोके दुखू लागले की कामगार उन्हाला दोष देतात.

सस्पेन्शनच्या स्प्रिंगबाबत माझे मत कडक आहे. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा फोडते, आणि ती दाबून धरणाऱ्या स्वस्त कॉम्प्रेसरच्या आकड्या घसरलेल्या मी पाहिल्या आहेत. हे काम घरी करूच नये.

विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांमध्ये केशरी आवरणाच्या तारांना हात लावण्याचा अधिकार प्रशिक्षित माणसालाच आहे. तेथे व्होल्टेज शेकड्यांत असते, आणि मुख्य जोडणी तोडल्यानंतरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकते. किती मिनिटे थांबायचे, ते त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेवढे थांबून, मीटरने शून्य दिसल्यावरच आमच्याकडे पुढचा बोल्ट सुटत असे.