मदत हवी आहे: हॉट टब स्वस्त विजेच्या वेळेत कसा चालवावा? (सोलापूर)

होटगीरोडकर:
घरामागे अंगणात चार माणसांचा हॉट टब आहे. पाणी १००० लिटर, हीटर ३ किलोवॉट, सिंगल फेज. वापर रात्री आठच्या सुमारास, ३८ अंशांवर. महावितरणचा स्मार्ट मीटर बसलाय. रात्री अकरा ते पहाटे पाच टब तापवावा म्हणून मेन लाइनवर टायमर टाकायचा विचार आहे. किती अँपिअरचा घेऊ? बिलात फरक पडेल का?

मीटरवाचक:
टायमर इतक्यात घेऊ नका. घरगुती जोडणीला सवलत रात्री नाही, दिवसा आहे. स्मार्ट टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा) असलेल्यांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या युनिटवर ८० पैसे ते १ रुपया सूट मिळते. दुपारी सौर वीज मुबलक असते, म्हणून. एमआयडीसीत रात्रपाळ्या काढलेले लोक अजून रात्रीचंच सांगतात, कारण कारखान्यांना पूर्वी तशी सवलत होती.

आता हिशेब. १००० लिटर पाणी १ अंशाने वाढवायला १.१६ युनिट लागतात. नवं पाणी २६ वरून ३८ वर न्यायला १४ युनिट, म्हणजे ३ किलोवॉटच्या हीटरला पावणेपाच तास. पण हे पाणी बदललं त्याच दिवशी. एरवी झाकण बरं असेल आणि थंडीत दिवसाला ५ अंश उतरत असतील, तर रोज ६ युनिट. त्यावर सूट किती, तर पाच-सहा रुपये. महिन्याला दीडशेच्या आसपास.

खरा मार स्लॅबचा आहे ओ. हीटरचे महिन्याचे १८० युनिट घरच्या वापराच्या वर चढतात. १०० युनिटच्या पुढे दर जवळपास दुप्पट, ३०० च्या पुढे आणखी. म्हणून आधी झाकण उचलून बघा. पूर्वी एका हाताने उचलायचं आणि आता दोघे लागत असतील, तर आतला फोम पाणी प्यायलाय. तसं झाकण उष्णता धरत नाही. ते बदललंत तर टायमरपेक्षा जास्त वाचेल.

तारजोड:
वरच्यांशी सहमत. त्यात भर: टायमर मेनवर अजिबात नको. टबची सगळी लाइन तोडली की पंप, फिल्टर, ओझोन सगळं बंद पडतं. कोमट, साचलेलं पाणी हे जंतूंचं घरच. फुप्फुसाचा आजार करणारा लिजिओनेला हा जंतू २० ते ४५ अंशांत वाढतो.

बहुतेक पॅनलवर इकॉनॉमी किंवा रेस्ट मोड असतो. त्यात हीटर फक्त फिल्टर सायकल (पंपाने पाणी गाळायची ठरलेली वेळ) चालू असताना लागतो. सायकलची सुरुवात सकाळी ११ वाजता, कालावधी ६ तास ठेवा, म्हणजे संध्याकाळी ५ ला संपेल. तापमान ३९ लावा. झाकलेल्या टबात आठपर्यंत ३८ च्या आसपास राहील. ४० च्या वर कधीच नको. लाइट जाऊन आली की बऱ्याच पॅनलचं घड्याळ विस्कटतं आणि सायकल भलत्याच वेळी सुरू होते. आपल्याकडे तेवढं बघावंच लागतं.

पॅनलवर तो मोड नसेल तरच बाहेरचा टायमर. तोही फक्त हीटरच्या सर्किटला आणि कॉन्टॅक्टरमार्फत (जास्त करंट पेलणारा, कॉइलने चालणारा स्विच). ३ किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर. १६ अँपिअरचा टायमर थेट तासन्‌तास चालवला तर त्याचे पॉइंट जळतात. २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर घ्या, टायमरने फक्त त्याची कॉइल चालवा. फ्लो स्विच मध्ये राहिलाच पाहिजे. पाणी फिरत नसताना हीटर लागला तर एलिमेंट गेलं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा), २० अँपिअरचा एमसीबी, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर. आणि अर्थिंगचा खड्डा. एप्रिलमध्ये माती कोरडी ठाक पडली की अर्थिंग कमजोर होतं, त्यात पाणी घालत राहा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच.

होटगीरोडकर:
मोड सापडला, धन्यवाद. मे महिन्यात हेच सेटिंग ठेवायचं का? आणि बोअरचं पाणी भरलं तर चालेल?

तारजोड:
मेमध्ये उलटा ताप. बाहेर ४२ असताना दुपारी सहा तास पंप फिरला, तर त्याच्याच उष्णतेने पाणी ३८ च्या वर जाईल. तेव्हा सायकल पहाटे चारला, दोन तासांच्या आसपास. सूट विसरा, हीटर लागतच नाही, तर सूट कशावर घेणार?

क्षारमुक्त:
बोअरचं पाणी शक्यतो नको. आपल्याकडे ते बहुधा जड असतं आणि तापलं की क्षार आधी एलिमेंटवरच बसतात. थर जमला की हीटर जास्त वेळ चालतो आणि शेवटी एलिमेंट फुटतं. नळाला पाणी येईल त्या दिवशी उजनीचंच भरा. बोअरचंच भरावं लागलं तर आधी हार्डनेस तपासा. १५० ते २५० पीपीएम ठीक, त्याच्या वर असेल तर क्षार धरून ठेवणारं रसायन डब्यावरच्या मात्रेने घाला. पीएच ७.२ ते ७.८, क्लोरीन किमान ३ पीपीएम. पीएच चढा राहिला तर क्लोरीन निम्मंही काम करत नाही आणि क्षारही लवकर बसतात. म्हणून आधी पीएच उतरवा, क्लोरीन त्यानंतर.