डब्यातली फळं आईंना चालतील का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नाशिकची, पंचवटीत राहते. सासूबाईंचं वय ७४, शुगर आहे आणि गेल्या महिन्यात खालचे दात काढलेत त्यामुळे पेरू सफरचंद काहीच चावत नाही. द्राक्षाचा सीझन संपला, आता रोज केळं देऊन त्या पण कंटाळल्या. परवा कॉलेज रोडवरून पीचचे दोन डबे आणले, एक शुगर सिरपमधला, एक फळाच्या रसातला. घरी आल्यावर चष्मा लावून लेबलं वाचली तर सिरपवाल्यात पीचनंतर लगेच साखरच लिहिलीये, म्हणजे वजनाने दुसरा नंबर साखरेचा. तो बाजूलाच ठेवला. रसवाल्यात वरून साखर नाही पण रसाची स्वतःची साखर असतेच ना, आणि ग्लासभर प्यायलं तर शुगर पटकन चढते.

माझ्या माहितीप्रमाणे डबा बंद करताना गरम करतात त्यात व्हिटॅमिन सी बरंच कमी होतं, थोडं रसात उतरतं, फायबर बऱ्यापैकी टिकतं पण साल काढलेली असल्याने तेवढं कमीच. मग रस निथळून नुसत्या फोडी दिल्या तर साखर वाचेल पण रसात उतरलेलं सगळं पण जाईल, काय करू? आईंना तो रसच जास्त आवडलाय, वाटी तोंडाला लावून संपवली हो त्यांनी, किती दिवसांनी काहीतरी आवडीने खाल्लं.

एका वेळी किती फोडी द्याव्यात, जेवणासोबत की मधल्या वेळेला? कोणी आहारतज्ज्ञ असेल किंवा घरी शुगरचं माणूस असेल तर प्लीज सांगा. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, तोवर उघडलेला डबा काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवलाय.