किनारा दिसलाच नाही
मुंबई-गोवा क्रूझवरचे जेवण सुमार होते, अशी तक्रार एका प्रवाशाने केली आहे; ती रास्तच आहे. आमचा हिरमोड मात्र वेगळ्या कारणाने झाला. जाहिरातीत 'कोकण किनाऱ्याचे दर्शन' असे ठळक छापलेले असूनही जहाज संध्याकाळी सुटले आणि रात्रभर किनाऱ्यापासून इतके दूर राहिले की जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग केव्हा मागे पडले ते कळलेही नाही. आईचे माहेर देवगड, म्हणून ती मध्यरात्री डेकवर येऊन खाऱ्या दमटपणाने चिकट झालेला कठडा धरून उभी राहिली. मागे स्पीकरचा दणदणाट, पुढे नुसता काळोख. पूर्वीच्या बोटी बंदरोबंदरी थांबत आणि उतारू पडावांतून, म्हणजे लहान होड्यांतून, किनाऱ्याला लागत. आजच्या अवाढव्य जहाजाला उथळ खाड्यांजवळ जाता येत नाही, हे मान्य. पण तेवढे तिकीट विकतानाच सांगायला हवे होते.