लिटरवरच्या (जमिनीवर पसरलेल्या तुसाच्या गादीवरच्या) ५०० लेयर (अंड्यांच्या कोंबड्या): गादी ओली, अंडी खाली आणि आता टोचाटोची

राधानगरी_लेयर
नमस्कार मंडळी. शेड ५० × २० फूट, दोन्ही लांब बाजूंना जाळी. बीव्ही-३८० जातीच्या ५०० तलंगा (नुकत्या अंड्यावर आलेल्या तरुण कोंबड्या), वय २३ आठवडे. पिंजरे नाहीत, खाली साळीच्या तुसाची ४ इंच गादी. उत्पादन चढतंय, पण शंभरातली २०-२५ अंडी गादीवर सापडतात आणि त्यातली निम्मी घाण असतात. आठवडाभर टोचाटोची चालू आहे. मागून रक्त आलेल्या सहा-सात कोंबड्या वेगळ्या काढल्यात. सकाळी शेडमध्ये शिरलं की डोळे चुरचुरतात. घरटी (अंडी घालायचे खण) ४०, बेल ड्रिंकर (घंटेच्या आकाराची टांगती पाण्याची भांडी) ८. चुना मारू का? चोची पुन्हा कापून घेऊ का? शेजारी म्हणतात, पिंजरेच बरे होते.

पशुवैद्य_करवीर
चोचींना हात लावू नका. या वयात तापलेल्या पात्याने कापली तर जखम दुखत राहते, खाद्य कमी होतं आणि चढतं उत्पादन बसतं. ते काम करायचंच असेल तर पिल्लू १० दिवसांचं व्हायच्या आत.

तुमचं खरं दुखणं घरट्यांचं आहे. पाच कोंबड्यांना एक खण लागतो, म्हणजे ५०० ला १००. तुमच्याकडे ४०. बहुतेक अंडी सकाळी दहा-अकराच्या आत पडतात, तेव्हा खणासमोर रांग लागते. जिला जागा मिळत नाही ती कोपऱ्यात, उजेडात बसते. अंडं बाहेर पडताना आतली लाल त्वचा क्षणभर दिसते, शेजारची कोंबडी तिथेच चोच मारते. रक्त दिसलं की बाकीच्या तुटून पडतात. म्हणजे खालची अंडी आणि रक्त या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत.

खण १२ × १२ × १४ इंच, तळाला ३ इंच कोरडा तूस, पुढे ४ इंचांची पट्टी, आत अंधार. खालची ओळ जमिनीपासून दीड फूट आणि समोर उतरायला दांडी. दांडी नसेल तर वरचे खण रिकामेच राहतात. रात्री खण बंद करा, नाहीतर कोंबड्या आत झोपून घाण करतात. पहाटे दिवा लागण्याआधी उघडा. खरं तर हे सगळं सोळाव्या-सतराव्या आठवड्यात व्हायला हवं होतं. आता सवय मोडायला वेळ लागेल, पण मोडते. कोपरे फळी तिरकी लावून बुजवा, तिथे उजेड पाडा आणि सकाळी तासातासाला खालची अंडी उचला. एक अंडं पडलेलं दिसलं की दुसरी तिथेच बसते.

बसायच्या दांड्या आहेत का? पक्ष्याला १५ सेंमी धरली तर ७५ मीटर लागतात, म्हणजे शेडच्या लांबीइतक्या पाच ओळी. दोन ओळींत फूटभर अंतर ठेवा. मार खाणारी कोंबडी पळून जाणार कुठे, हा प्रश्न त्याने सुटतो. खाद्यातलं मीठ (०.३ ते ०.४ टक्के) आणि मिथिओनिन (प्रथिनातला एक आवश्यक घटक) एकदा तपासून घ्या, घरी दळलेल्या खाद्यात हेच चुकतं.

तूसवाला
डॉक्टरांचं घरट्यांबद्दल पटलं. गादीबद्दल मी बोलतो.

चुना आत्ता नको! ओल्या, विष्ठेने भरलेल्या गादीवर चुना पडला की अमोनिया (डोळे चुरचुरवणारा तोच वायू) आणखी सुटतो. सिंगल सुपर फॉस्फेट (शेतीचं खत) तो धरून ठेवतं: १०० चौरस फुटांना साधारण एक किलो, तुमच्या शेडला १० किलो. पसरून दाताळ्याने खाली मिसळा, वर राहिलं तर कोंबड्या टिपतात. त्याआधी ढेकळं झालेला भाग काढून टाका आणि गादी ६ इंचांवर न्या.

ओल तपासायला मुठीत तूस दाबा. गोळा तसाच राहिला तर जास्त ओल, मूठ उघडल्यावर हलकेच विस्कटला तर बरोबर, अजिबात बांधला नाही तर धूळ उडणार. आणि वास उभ्याने घेऊ नका. उकिडवे बसून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या, ती दिवसभर तिथेच श्वास घेते. अमोनियाचं प्रमाण २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर गेलं की डोळे आणि श्वासनलिका खराब होतात, मग ई. कोलाय (जिवाणूंचा संसर्ग) आलाच.

आठ ड्रिंकर पुरेसे आहेत, उंची बघा. कड कोंबडीच्या पाठीच्या रेषेत हवी. खाली असेल तर पाणी उडतं. प्रत्येकाखाली जाळीचा छोटा चौथरा करा, सांडलेलं पाणी गादीत मुरणार नाही.

पडदे वरून खाली सोडता का? बहुतेक जण तेच करतात आणि सगळा वायू छताखाली अडकतो. पडदा खालून वर ओढायचा असा बांधा, वर फूटभर फट कायम उघडी. तुमच्याकडच्या पावसाला छपराची पाखी ३-४ फूट बाहेर नसेल तर फटीतून झड येणार, तेवढं आधी बघा.

दुपारी पक्ष्यामागे ५ ग्रॅम ज्वारी गादीवर फेका, म्हणजे अडीच किलो. उकरता उकरता त्याच गादी खालीवर करतात आणि टोचायला रिकाम्या राहत नाहीत. जास्त फेकू नका, खाद्यातलं प्रथिन पातळ होतं.

अंडी_हिशोब
शेजाऱ्यांच्या मुद्द्यावर: केंद्राच्या २०२३ च्या नियमांत पिंजऱ्यातल्या कोंबडीला किमान ५५० चौरस सेंमी जागा सांगितली आहे. तुमच्याकडे पक्ष्यामागे २ चौरस फूट, म्हणजे साधारण १८५८. जागा आहे, पण ओल्या गादीवर ती काही कामाची नाही. पिंजऱ्यात विष्ठा खाली पडते, म्हणून जंत आणि रक्ती हगवण कमी. लिटरवर जंतनाशकाचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

राधानगरी_लेयर
आभार. पडदे वरूनच सोडतोय, आजच बदलतो. दांड्या नाहीत. घाण अंडी धुवून विकली तर चालतील का?

पशुवैद्य_करवीर
नका धुवू. कवचावरचा पातळ थर जातो आणि ओलाव्याबरोबर जंतू छिद्रांतून आत जातात. हलका डाग कोरड्या बारीक सँडपेपरने काढा, ती अंडी वेगळ्या ट्रेमध्ये ठेवून आधी विका. जास्त माखलेली विकू नका. वेगळ्या काढलेल्या कोंबड्या जखम पूर्ण सुकल्याशिवाय परत सोडू नका, आणि सोडताना रात्री दांडीवर बसवा.