सोसायटी ग्रुप: शनिवारचा सिनेमा

पाटील काका (ए-१०३): काल क्लब हाउसमध्ये ‘डबल इंडेम्निटी’ लावला. १९४४ चा. जुना आहे म्हणून तक्रार नाही. पण तो विमा एजंट नेफ सुरुवातीलाच डिक्टाफोनवर (आवाज टिपणारं यंत्र) सांगून मोकळा, पैशासाठी आणि बाईसाठी तिच्या नवऱ्याचा खून मी केला. मग पावणेदोन तास आम्हाला बसवलंत कशाला? कमिटीने निवडताना विचार करावा, ही नम्र विनंती.

सायली (बी-५०१): काका, शेवटपर्यंत बसला होतात की 😀

पाटील काका: बटाटेवडे शेवटी होते.

जोशी काकू (बी-३०२): खुनी कोण हे कोडं त्यात नाहीच मुळी. जेम्स केनच्या मूळ पुस्तकातही तोच सगळं सांगतो, पण हा कबुलीजबाब आहे हे शेवटाकडे कळतं. दिग्दर्शक वाइल्डर आणि सहलेखक चँडलरने तो उचलून आरंभी आणला, तोही कीजला, म्हणजे नेफच्याच कंपनीत क्लेम तपासणाऱ्याला, उद्देशून. म्हणून कीज नुसता खोलीत आला तरी आपल्या पोटात गोळा येतो.

साने काका (ए-४०१): आमचं आयुष्य विम्यात गेलं. आत्महत्यांचे तक्ते कीज घडाघडा म्हणतो आणि ही आत्महत्याच म्हणणाऱ्या साहेबाला सुनावतो, ताशी १५ मैलांनी चाललेल्या रेल्वेगाडीच्या मागून उडी टाकून कोणी जीव देत नाही! टाळ्या मीच वाजवल्या. अपघाती मृत्यूला दुप्पट रक्कम आपल्याकडेही मिळते, पण क्लेम तपासणारा असा माणूस दुर्मिळ.

पाटील काका: सगळं मान्य. पण खुनी आधीच कळतो.

सायली: मला हिरॉइन फिलिसचा तो सोनेरी विग अजिबात नाही पटला. सॉरी.

जोशी काकू: अगं, खून होताना कॅमेरा कुठे आहे बघ. शेजारच्या सीटवर नवऱ्याचा गळा आवळला जातोय आणि आपल्याला दिसतो फक्त स्टिअरिंगमागचा, फिलिस झालेल्या स्टॅनविकचा चेहरा. नजर समोर रस्त्यावर. विगकडे लक्ष जातंच कुठे?

कदम (ए-४०३): एक गोष्ट कुणीच काढली नाही. नेफच्या फ्लॅटचं दार बाहेर पॅसेजमध्ये उघडतं, म्हणून फिलिस त्यामागे कीजपासून लपू शकते. असं दार असतं का कुठे?

भोसले वहिनी (ए-४०२): असतं की. ए-४०४ चा सेफ्टी डोअर बघा. कमिटीला लेटर देऊन झालंय.

ए-४०४: आमचा सेफ्टी डोअर परवानगी घेऊन बसवलाय. ज्यांचं चपलांचं कपाट लिफ्टपर्यंत आलंय त्यांनी कृपया बोलू नये.

भोसले वहिनी: कपाट नाही, स्टँड आहे. फोटो टाकू?

सेक्रेटरी: विषयावर या 🙏 दरवाजे मीटिंगला.

नेने सर (बी-२०१): पुस्तकाचा शेवट कुणाला आठवतो? दोघं बोटीवर, मागे शार्क, आणि पाण्यात उडी घ्यायचं ठरलेलं. त्यापुढे सिनेमाचा शेवट मवाळ वाटला. काकूंचं मत अंतिम असतं, तरी बोलतो.

जोशी काकू: अंतिम कशाला सर, तुम्हीही पुस्तक वाचलंय. पण मवाळ नाही हो! वाइल्डरने नेफच्या मृत्युदंडाचा, गॅस चेंबरचा सीन शूट करून काढून टाकला. काय ठेवलं? दाराशी कोसळलेला नेफ, त्याला स्वतःची सिगारेट पेटवता येत नाही. कीज वाकतो, नखावर काडी ओढतो आणि पेटवून देतो. सिनेमाभर कीजची सिगार नेफ पेटवत आला होता. या दोघांची ही माया पुस्तकात एवढी नाही. म्हणून मी सिनेमा वरचढ म्हणते.

नेने सर: माया आहे, मान्य. पण केनची फिलिस जास्त भयंकर आहे, तिने आधीही कितीतरी जीव घेतलेत. सिनेमात ते कमी झालं. मला ते खटकतं आणि खटकत राहील.

साने काका: सात नामांकनं होती ऑस्करला, एकही मिळालं नाही. अन्याय आहे.

पाटील काका: पण खुनी आधीच कळतो.

सायली: काकाऽऽ 🙏🙏

जोशी काकू: पाटील साहेब, मार्केटमध्ये डब्यांच्या रांगेआड फिलिस गॉगल लावून बोलते तेव्हा तुम्ही पुढे सरकून बसला होतात. मी शेजारीच होते.

पाटील काका: तो सीन चांगला होता.

कदम: आणि मृतदेह रुळांवर टाकून आल्यावर गाडी सुरू होत नाही तो? मी खुर्ची धरली होती.

पाटील काका: तोही.

साने काका: काकू, पुस्तक तुमच्याकडे आहे ना? मला द्या, मग नेने सरांकडून उरलेली बाजू ऐकतो.

सेक्रेटरी: पुढच्या शनिवारी ८ वाजता. नावं रात्रीपर्यंत सुचवा. ए-४०२ आणि ए-४०४, तुम्ही मला पर्सनलवर मेसेज करा.